तारीख क्रमांक देते, खप नाही

रॉक बँडचा अल्बम किती खपेल हे त्यातल्या गाण्यांपेक्षा प्रकाशनाची तारीख ठरवते, असे विधान संगीतप्रेमींमध्ये वारंवार फिरताना दिसते. त्याच्या पुष्ट्यर्थ चार गोष्टी सांगितल्या जातात: नाताळपूर्वीचा हंगाम साधला की अल्बम चालतोच, जानेवारीत आणला तर तो वाया जातो, मोठ्या नावासमोर आला तर झाकोळतो आणि पहिल्या आठवड्यात जे घडते तेच अंतिम असते. हे विधान बँडच्या मेहनतीवर अन्याय करणारे आहेच, शिवाय ते प्रत्यक्ष आकड्यांपुढे टिकत नाही, म्हणून त्याचा मुद्देसूद विचार करणे आवश्यक वाटते.

हंगामाचा मुद्दा आधी घेऊ. गन्स अँड रोझेस या बँडचा ‘चायनीज डेमोक्रसी’ २३ नोव्हेंबर २००८ रोजी, म्हणजे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या खरेदीला उधाण येते त्याच आठवड्यात आला. नव्या गाण्यांसाठी चाहत्यांनी सतरा वर्षे वाट पाहिली होती, त्यामुळे कुतूहलाचीही कमतरता नव्हती. तरीही पहिल्या आठवड्यात सुमारे २,६१,००० प्रती खपल्या आणि अल्बम बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या साप्ताहिक यादीत तिसऱ्या क्रमांकावर राहिला. याच बँडचे ‘यूज युअर इल्युजन’चे दोन्ही भाग १७ सप्टेंबर १९९१ रोजी, कोणताही सण जवळ नसताना, एकाच दिवशी बाजारात आले होते आणि त्यांनी पहिले दोन क्रमांक पटकावले, त्यांपैकी दुसऱ्या भागाच्या एकट्याच्याच पहिल्या आठवड्यात सुमारे ७,७०,००० प्रती गेल्या. मधल्या काळात सीडीचा बाजार आक्रसला होता हे मान्यच करायला हवे. पण तेवढ्याने फरकाचा उलगडा होत नाही, कारण २००८ पर्यंत मूळ सदस्यांपैकी फक्त ॲक्सल रोझ उरला होता आणि ज्या वादकांसाठी लोक १९९१ मध्ये दुकानांत गेले होते, ते त्या अल्बमवर नव्हतेच. ती उणीव कोणताही हंगाम भरून काढू शकत नव्हता.

जानेवारीबद्दलचा दावा तर उलटाच आहे, आणि तारखेचा खरा परिणाम कुठे होतो तेही इथेच दिसते. नाताळनंतर एकूण विक्री ओसरते, मोठे कलाकार शक्यतो त्या आठवड्यांत अल्बम आणत नाहीत, आणि त्यामुळे वरचा क्रमांक मिळवायला कमी प्रती पुरतात. केक या बँडचा ‘शोरूम ऑफ कम्पॅशन’ जानेवारी २०११ मध्ये आला आणि सुमारे ४४,००० प्रतींवर थेट पहिल्या क्रमांकावर पोहोचला. १९९१ पासून प्रत्यक्ष विक्रीची मोजणी सुरू झाल्यानंतर तोवरच्या कोणत्याही अव्वल अल्बमचा हा सर्वांत कमी साप्ताहिक खप होता. आता हे दोन आकडे शेजारी ठेवावेत: २,६१,००० प्रतींना तिसरे स्थान आणि ४४,००० प्रतींना पहिले. म्हणजे तारखेने क्रमांक बदलतो, हे खरे. पण क्रमांक ही त्या आठवड्यातल्या इतरांशी केलेली तुलना असते, आणि खप ही श्रोत्यांनी दिलेली पसंती. फिरणाऱ्या विधानात या दोन्हींची सरमिसळ झाली आहे, आणि त्यातला बहुतेक घोटाळा तिथूनच निघतो.

मोठ्या नावासमोर येण्याच्या भीतीविषयी फार बोलण्याची गरज नाही. २४ सप्टेंबर १९९१ या एकाच दिवशी निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आणि रेड हॉट चिली पेपर्सचा ‘ब्लड शुगर सेक्स मॅजिक’ बाहेर पडले, तेही ‘यूज युअर इल्युजन’नंतर अवघ्या आठवड्याने. दोन्ही अल्बम लाखोंनी खपले. ब्रिटनमध्ये १४ ऑगस्ट १९९५ रोजी ब्लर आणि ओएसिस या बँडनी आपापली सिंगल्स (अल्बमबाहेर स्वतंत्रपणे विकली जाणारी गाणी) मुद्दाम समोरासमोर आणली, तेव्हा ब्लरच्या सुमारे २,७४,००० आणि ओएसिसच्या २,१६,००० प्रती विकल्या गेल्या. टक्कर दोघांनाही बाधली नाही. उलट त्या शरद ऋतूत आलेल्या दोघांच्या अल्बमपैकी, सिंगलची लढत हरलेल्या ओएसिसचाच कितीतरी अधिक खपला.

राहिला पहिल्या आठवड्याचा मुद्दा. ‘नेव्हरमाइंड’ बिलबोर्डच्या यादीत शिरला तो १४४व्या क्रमांकावर, आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला खाली ढकलून पहिला झाला. नाताळात भेट मिळालेल्या वस्तू बदलून घेणाऱ्या मुलांमुळे हे घडले, असे यावर म्हटले जाते. ते खरे धरले, तरी त्या मुलांनी बदलून नेमका हाच अल्बम का मागितला, याचे उत्तर कॅलेंडरमध्ये सापडत नाही; ते एमटीव्हीवर आणि रेडिओवर आधीचे तीन महिने सतत वाजत असलेल्या त्यातल्या गाण्यात सापडते. गन्स अँड रोझेसचा पहिला अल्बम जुलै १९८७ मध्ये आला, १८२व्या क्रमांकावर यादीत दाखल झाला आणि अव्वल ठरायला त्याला सुमारे एक वर्ष लागले. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अमेरिकेत जेमतेम एक आठवडा पहिला होता, पण १९८८ पर्यंत तो एकूण ७४१ आठवडे यादीत राहिला. मार्चमधल्या प्रकाशनाचा परिणाम पंधरा वर्षे टिकतो, असे कोणी म्हणणार नाही.

पर्ल जॅमने तर १९९४ मध्ये ‘व्हायटॅलॉजी’ची तारीखच दुभंगली: ग्रामोफोन तबकडी २२ नोव्हेंबरला, सीडी आणि कॅसेट ६ डिसेंबरला. रूढ समजुतीप्रमाणे पहिल्या आठवड्याचा जोर वाटला जाऊन अल्बमची हानी व्हायला हवी होती. फक्त तबकडीच्या विक्रीवर तो ५५व्या क्रमांकावर आला, आणि सीडी बाजारात येताच एका आठवड्यात सुमारे ८,७७,००० प्रतींसह पहिल्या क्रमांकावर गेला.