कटिंग सोडा आणि लक्षाधीश व्हा

गेल्या महिन्यात एका रविवारी डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ‘महागाईतही समृद्ध संसार’ या विषयावर एका आर्थिक सल्लागारांचे व्याख्यान झाले. घरखर्चाची वही गेली 22 वर्षे मीच लिहीत असल्यामुळे मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. दोन तासांनंतर मला असे कळले की, आमच्या घरी महिनाअखेरीस जी ओढाताण होते, ती गृहकर्जाच्या हप्त्यामुळे, मुलाच्या फीमुळे किंवा दवाखान्याच्या बिलामुळे होत नसून, आम्हांला अधूनमधून बरे वाटते त्यामुळे होते. बरे वाटणे थांबवले की शिल्लक पडू लागते. हा विचार इतका मौलिक आहे की, तो आपल्यापर्यंत पोहोचवणे मी माझे कर्तव्य समजते, आणि त्यात माझ्या अनुभवाची थोडी भर घालून पुढील सूचना आदरपूर्वक सादर करते.

सर्वप्रथम, सुट्टीत गावी जाणे बंद करावे. एसटीचे भाडे 25 जानेवारी 2025 पासून 14.95 टक्क्यांनी वाढले. सरळ 15 टक्के वाढवले असते तर प्रवाशांना जड गेले असते, म्हणून वरचे 0.05 टक्के माफ झाले, याबद्दल कृतज्ञता बाळगावी आणि घरी बसूनच मामाची आठवण काढावी.

आंबा पेटीजवळून जाताना दीर्घ श्वास घेऊन खावा.

रविवारच्या मटणाऐवजी नुसता झणझणीत रस्सा करावा आणि पाहुणे आल्यास वाटीत तुकडा शोधण्याचे काम त्यांच्यावर सोपवावे.

सिनेमाला जायचेच असेल तर कायद्याचा नीट अभ्यास करून जावे. चित्रपटगृहाला बाहेरचे खाद्यपदार्थ अडवता येतात, मात्र पिण्याचे पाणी त्याने मोफत दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितले आहे. तेव्हा सहकुटुंब जावे आणि तीन तास पाणी प्यावे. लाह्यांचा मोह झालाच तर जीएसटी परिषदेने डिसेंबर 2024 मध्ये दिलेला खुलासा आठवावा. त्यानुसार त्या वेळी मीठमसाला लावलेल्या सुट्या पॉपकॉर्नवर 5 टक्के आणि साखरेच्या पाकातल्या कॅरमल पॉपकॉर्नवर 18 टक्के कर लागत होता. कॅरमलचे पॉपकॉर्न हातात आल्यावर त्यावर थोडे अश्रू गाळून पाहावेत. कदाचित ते खाऱ्याच्या वर्गात बसतील.

दिवाळीच्या फराळाबाबत मला थोडे सविस्तर सांगायचे आहे. सप्टेंबर 2024 मध्ये, दिवाळी दीड महिन्यावर आली असताना, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्के करण्यात आले. सोयाबीन पिकवणाऱ्याला चार पैसे अधिक मिळावेत हा हेतू होता, आणि त्या हेतूपुढे माझी चकली क्षुद्र आहे, हे मी मनापासून मान्य केले. पुढे त्या हंगामात 4,892 रुपयांचा हमीभावही बाजारात हाती पडला नाही असे विदर्भातला आमचा एक नातेवाईक सांगू लागला, तेव्हा त्याला भाव मिळाला नाही आणि मला तेल मिळाले नाही, तर मधल्या मध्ये तळले कोण गेले, असा अशोभनीय प्रश्न माझ्या मनात आला. समृद्ध संसार करू इच्छिणाऱ्यांनी असे प्रश्न मनात आणू नयेत. चकली भाजून करावी.

आता मुख्य सूचना, अर्थात चहा. व्याख्यानाचा कळसाध्याय तोच होता.

सल्लागारांनी श्रोत्यांमधून आमच्या सासऱ्यांना उभे केले. आप्पा 79 वर्षांचे आहेत. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून ते 2004 साली निवृत्त झाले. “आजोबा, तुम्ही बाहेर किती चहा पिता?” असे विचारल्यावर आप्पांनी, न्यायालयात साक्ष द्यावी इतक्या प्रामाणिकपणे सांगितले की, रोज संध्याकाळी पाच वाजता जुन्या सहकाऱ्यांबरोबर टपरीवर एक कटिंग पितो, 10 रुपयांचा. लगेच पडद्यावर आकडे उमटले. रोजचे 10, महिन्याचे 300, एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम भरण्याच्या योजनेत, गुंतवले, वर्षाला 12 टक्के परतावा धरला, तर 30 वर्षांनी सुमारे साडेदहा लाख रुपये! “आजोबा, तुम्ही साडेदहा लाख पिऊन टाकताय,” असे ते म्हणाले आणि सगळी गच्ची हसली. मीही हसले, हे येथे नमूद करते, कारण त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

घरी येऊन मी वही काढली. 30 वर्षांनी आप्पांचे वय 109 होईल. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य 4 टक्क्यांचे असून वरची मर्यादा 6 टक्क्यांची आहे. ती मर्यादा धरली तर तेव्हा तोच कटिंग सुमारे 57 रुपयांना पडेल आणि त्या साडेदहा लाखांची आजची किंमत जेमतेम 1 लाख 84 हजार भरेल. म्हणजे 10,950 कटिंग सोडल्याबद्दल आप्पांना वयाच्या 109 व्या वर्षी साधारण साडेअठरा हजार कटिंग मिळतील, आणि रोज एक या हिशेबाने ते 159 व्या वर्षापर्यंत पुरतील. पुढच्या 50 वर्षांतली भाववाढ, नफ्यावरचा कर आणि टपरीवाल्याचे आयुष्य यांचा हिशेब मी दयेपोटी सोडून दिला आहे. तो 12 टक्क्यांचा परतावा मुळात कोणी लिहून दिलेला नाही, तेही सोडून दिले आहे. गुंतवणूक बाजाराच्या जोखमीच्या अधीन असल्याचे वाक्य सल्लागारांनी म्हटले होते, परंतु मंगलाष्टके संपवण्याच्या घाईत गुरुजी शेवटचे कडवे म्हणतात त्या वेगाने.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आप्पांनी सदरा घातला, छत्री घेतली, आणि मग छत्री परत कोपऱ्यात ठेवून ते गॅलरीत जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी सदराही घातला नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या मित्रांपैकी एकाचा फोन आला की, बरे नाही का? मी विचारले तेव्हा आप्पा म्हणाले, “सूनबाई, एवढ्या पैशांत पोराची वह्यापुस्तके येतील. माझे काय आता.”

त्यांना ईपीएस-95 चे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कामगारांच्या योजनेचे, निवृत्तिवेतन मिळते, महिन्याला 1,640 रुपये. या निवृत्तिवेतनाला महागाई भत्ता नसतो, म्हणून निवृत्तीच्या वर्षी ठरलेला आकडा आजही तोच आहे. योजनेतले किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर 2014 मध्ये 1,000 रुपये झाले, ते तेथेच थांबले आहे. त्या 1,640 मधून 300 रुपयांचा चहा, हीच काय ती या माणसाची उधळपट्टी, आणि ती त्याला भर सभेत उभे करून दाखवावी लागली.

आता सूचना पुरे. सल्लागारमहोदय, तुम्ही कोणाचा खिसा तपासत होता? रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर गेला, तेव्हा आमच्या बँकेने हप्ता तसाच ठेवून कर्जाची मुदत चार वर्षांनी लांबवली आणि आम्हांला ते एका संदेशाने कळवले. चार वर्षांचे हप्ते! त्यात आप्पांचे किती जन्मांचे कटिंग बसतील, हे पडद्यावर दाखवण्याची तुमची हिंमत झाली नाही, कारण त्या रकमेला हात लावता येत नाही आणि म्हाताऱ्याच्या 10 रुपयांना लावता येतो. शाळा ‘उपक्रम शुल्क’ म्हणून जे घेते त्यावर तुमची एकही स्लाइड नव्हती. सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत आमची आठ वर्षांची शिल्लक गेली, त्यावर तुमचे म्हणणे एवढेच होते की, विमा आधीच घ्यायला हवा होता. आणि मग तुम्ही विम्याचेच अर्ज वाटलेत. त्या टपरीवर पाच म्हातारे अर्धा तास बसतात, एकमेकांच्या रक्तदाबाच्या गोळ्या विचारतात, गेलेल्या माणसांची नावे काढतात आणि घरी येऊन शांत झोपतात. त्यासाठी 10 रुपये लागतात. यापेक्षा स्वस्त काही तुमच्या पिशवीत असेल तर दाखवा.

आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपण सगळ्यांनीही थोडे ऐकावे. रिक्षाच्या किमान भाड्यात 3 रुपये वाढले तेव्हा आपण कुरकुरलो, मुदत चार वर्षांनी वाढली तेव्हा गप्प बसलो, आणि एका वृद्धाला हसायची संधी मिळाली तेव्हा मात्र पोटभर हसलो. तुमच्या घरात कोणी चहा सोडला असेल, वर्तमानपत्र बंद केले असेल, देवळाबाहेरचा गजरा घेणे थांबवले असेल, तर आधी जाऊन त्याची क्षमा मागा.

आप्पांना मी सहा दिवसांनी हात धरून टपरीवर नेले. त्या दिवसाचा चहा माझ्याकडून, पाचही जणांचा. वहीत ‘आवश्यक खर्च’ या सदरात 50 रुपये लिहिले आहेत. सोसायटीने याच सल्लागारांचे दुसरे व्याख्यान ठरवले असून ‘निवृत्तीनंतरचे आनंदी जीवन’ हा त्याचा विषय आहे. या खेपेला दर घरामागे 200 रुपये वर्गणी आहे. ती मी देणार नाही, समितीने माझ्या दाराची घंटा वाजवू नये.