मयताच्या घरी "रडू नका" म्हणू नका

मयताच्या घरी जाऊन "रडू नका" म्हणणं आपण ख्रिस्ती माणसांनी आता थांबवावं. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकते. कोणाला लागलं तर माफ करा, पण पूर्ण वाचा.

गेल्या महिन्यात नात्यातल्या एका मातीला गेले होते. राहुरीच्या पुढचं गाव. माणूस पंचेचाळिशीचा. रात्री छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. दारात मांडव, मधोमध पेटी, उशाशी क्रूस. मुलगी कॉलेजात, धाकटा मुलगा सातवीत. ते पोरगं पेटीची कड दोन्ही हातांनी धरून उभं होतं आणि त्याची हनुवटी नुसती थरथरत होती. मागून मंडळीतल्या एका मोठ्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रडायचं नाही बाळा. आपण ख्रिस्ती आहोत. गाव बघतंय, आपल्या विश्वासाची साक्ष खराब होते. पप्पा प्रभूजवळ गेले ना?" पोराने मान हलवली. कोणीतरी लगेच पाण्याचा तांब्या पुढे केला, तो घोटभर प्यायला आणि गप्प झाला.

पुढे कबरेवर मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा त्याची मूठच उघडेना. चुलत्याने एकेक बोट सोडवलं तेव्हा माती खाली पडली. घामाने तिचा गोळा झाला होता.

ती मूठ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

बोलणारा माणूस वाईट नव्हता. मनापासून धीर देत होता. माझी आई गेली तेव्हा मलाही हेच सांगितलं होतं, आणि नंतर कित्येक घरांत मीही दुसऱ्यांना हेच सांगत आले. पौलाच्या पत्रातलं 1 थेस्सलनीकाकरांस 4:13 हे बायबलचं वचन तोंडपाठ असतं ना आपल्याला. पण ते वचन नीट वाचा. ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका, असं पौल म्हणतो. खेदच करू नका, असं तो कुठेही म्हणत नाही. शेवटचे तीन शब्द वाचायचे आणि त्याआधीचे सोडून द्यायचे, ही सवय आपल्याला कधी लागली?

योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढा. लाजर आजारी असल्याचा निरोप येशूला मिळाला होता, तरी तो दोन दिवस होता तिथेच थांबला. बेथानीला पोचला तोवर लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था गावाबाहेर सामोरी गेली आणि पहिलंच वाक्य काय बोलली? तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरीया आली, तिनेही तेच शब्द उच्चारले. दोघी बहिणी चार दिवस घरात बसून एकमेकींना हेच म्हणत असणार, असं मला नेहमी वाटतं. ही सरळ तक्रार आहे, प्रभूच्या तोंडावर केलेली. आणि प्रभूने एकीलाही "असं बोलू नये, विश्वास ठेव" म्हणून दटावलं नाही.

मग तो अवघ्या दोन शब्दांचा वृत्तांत: "येशू रडला."

हे कधी घडलं ते बघा. थोड्याच वेळात लाजराला हाक मारून आपण बाहेर काढणार, हे त्याला माहीत होतं. पुनरुत्थानाची खात्री जितकी त्याला होती तितकी तुम्हा-आम्हाला कधी होणार? तरी तो रडला. त्याआधी तो आत्म्यात खवळला असंही योहान लिहितो. मूळ ग्रीक शब्द घोड्याच्या रागाने फुरफुरण्यासाठी वापरला जायचा. म्हणजे प्रभू कबरेसमोर उभा होता तो दुःखाने आणि संतापानेही. मरणाकडे बघून त्याला राग आला.

म्हणून "देवाला चांगली फुलं आवडतात, तो लवकर खुडून नेतो" असं कोणी म्हटलं की मला सहन होत नाही. पवित्र शास्त्रात हे कुठेही नाही. पौल मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रू! देवाचा माळी नव्हे. सातवीतल्या पोराला बाप हवा असताना देवाने फूल म्हणून खुडला, असं त्याला सांगितलं तर त्या पोराने अशा देवाकडे पुढे प्रार्थना तरी कोणत्या तोंडाने करायची?

आता माझ्या आईबद्दल लिहिते, कारण त्याशिवाय मला जे म्हणायचंय ते पुरं होणार नाही.

आईला कर्करोग होता. दोन वर्षं काढली तिने. मधल्या काळात बाहेरून एक प्रार्थनेचा गट घरी यायचा. सुरुवातीला बरं वाटायचं. मग एके दिवशी त्यांच्यातल्या एकाने आईला सांगितलं, "तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडतोय, नाहीतर आतापर्यंत बऱ्या झाल्या असत्या." ते गेल्यावर आई बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडली. मग म्हणाली, "खरंच का गं?" चाळीस वर्षं पहाटे उठून गुडघ्यावर बसणारी बाई ती. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आज द्यायचं असतं तर सांगितलं असतं, की पौलाच्या देहातला काटा तीन वेळा विनंती करूनही निघाला नव्हता, आणि खुद्द लाजरही कबरेतून बाहेर आला तो पुढे कधीतरी पुन्हा मरण्यासाठीच. बरं होणं ही देवाची कृपाच, पण आपली आशा तेवढ्यावर थांबलेली नाही.

आई गेली त्या पहाटे आम्ही बायकांनी तिला अंघोळ घातली. मी पाय धुवत होते. तिच्या टाचांना भेगा होत्या, आणि त्या भेगांत काळी माती बसलेली. दोन वर्षं ती शेतात गेली नव्हती. पण त्याआधीची तीस वर्षं कांद्याच्या वाफ्यात उकिडवी बसून काढली होती, ती माती काही निघाली नव्हती. मी लिंबाची फोड घेऊन घासत राहिले. मावशी म्हणाली, "राहू दे गं, आता काय त्याचं. आत्मा गेला, हे काय, मातीच आहे."

तेव्हा मला बोलता आलं नाही. आज बोलते. मावशी, ते नुसती माती नव्हतं. ती माझी आई होती.

आपल्या अवतीभवती आत्मा अमर आणि शरीर म्हणजे जुना कपडा, असं मानणारी पुष्कळ माणसं आहेत. त्यांची ती श्रद्धा आहे, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण आपण मंडळीत उभे राहून विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची कबुली, म्हणतो तेव्हा आपल्या तोंडात वेगळे शब्द असतात. शरीराचं पुनरुत्थान, असं म्हणतो आपण. उठलेल्या येशूच्या हातांत खिळ्यांचे वण तसेच होते. शिष्यांना भूत वाटलं, तर त्याने खायला काही आहे का विचारलं आणि भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खाल्ला. मग्दालेच्या मरीयेला तो आधी माळी वाटला, आणि ओळख पटली ती त्याने नाव घेऊन हाक मारल्यावर. या सगळ्यात कुठे शरीर टाकून देण्याची गोष्ट आहे? पौल दाण्याचं उदाहरण देतो: पेरतो ते एक, उगवतं ते किती निराळं, तरी ते त्याच दाण्यातून. आमच्या भागात ज्वारी पेरणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

ते नवं शरीर कसं असेल मला ठाऊक नाही. पण आईच्या त्या टाचा देव विसरणार नाही, एवढा माझा विश्वास आहे.

आमच्याकडे म्हातारी माणसं कबरस्थानाला 'शिमेट्री' म्हणतात. तो शब्द मुळात ग्रीक, अर्थ झोपायची जागा. ईस्टरला आम्ही पहाटे अंधारात तिथे जमतो. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला असतो, मेणबत्त्या असतात, वाऱ्याने विझतात, पुन्हा लावतो. तांबडं फुटताना गायन सुरू होतं. आमच्या जुन्या कबरींचे पाय पूर्वेकडे आहेत, म्हणजे उठतील तेव्हा तोंड उगवतीला असेल. लहानपणी ते ऐकून मी खरोखर बघत राहायचे, कोण आधी उठतं ते. अजूनही नजर जाते.

पंडिता रमाबाईंची आठवण मला अशा वेळी हटकून येते. दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये नवरा पटकीने गेला, मूल जेमतेम वर्षाचं. आणि ती एकुलती एक मनोरमाही 1921 मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी 5 एप्रिलला रमाबाई गेल्या. त्याआधी अनेक वर्षं खपून त्यांनी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणलं. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. घरातलं एकेक माणूस गमावत आलेल्या बाईने योहानाचा अकरावा अध्याय मराठीत लिहिला, हे मनात आलं की मी ते पान जरा हळू वाचते.

आणखी एक. मार्था म्हणाली, शेवटल्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे. अगदी बरोबर उत्तर, संडे स्कूलमध्ये शिकवतात तसं. येशू तिला म्हणाला, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." ती पुढचं बोलत होती आणि तो तिच्यासमोर उभा होता. सार्वकालिक जीवन मेल्यावर सुरू होतं असं आपण धरून चालतो, पण योहानाच्याच सतराव्या अध्यायात त्याचा अर्थ दिलाय: देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणं. ते इथेच सुरू होतं. माझ्या आईत मी ते पाहिलं. जाण्याच्या आठेक दिवस आधी तिने मला शेजारच्या काकूंचं स्टीलचं पातेलं परत द्यायला लावलं. रिकामं नको म्हणून त्यात ओंजळभर शेंगदाणे घालायला सांगितले. तिला भीती नव्हती असं नाही. रात्री माझा हात घट्ट धरायची. पण उरलेले दिवस ती मरत नव्हती, जगत होती.

त्याच काकूंनी दफनानंतर मला विचारलं होतं, "तुझ्या आईच्या स्वर्गात मला घेतील का गं?" त्या रोज संध्याकाळी येऊन आईचे पाय चेपायच्या. मी त्यांना येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराची गोष्ट सांगितली. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, त्याला एक वचन पाठ नव्हतं. माझी आठवण कर, एवढंच म्हणाला, आणि त्याला "आज माझ्याबरोबर" असं उत्तर मिळालं. काकू म्हणाल्या, एवढं मलाही म्हणता येईल. याहून जास्त बोलायचा अधिकार माझा नाही. दार उघडणारा तो आहे.

त्या पोराकडे मी पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. शिक्षिका असल्यामुळे वह्या-पुस्तकांचं निमित्त होतंच. ओट्यावर दोघंच बसलो होतो. बराच वेळ तो चपलेच्या टोकाने माती उकरत राहिला. मग विचारलं, "मावशी, पप्पांचा चष्मा पेटीत ठेवला नाही कोणी. कपाटात आहे. उठतील तेव्हा त्यांना दिसेल का?"

मी म्हटलं, "दिसेल. तू आधी दिसशील."

मग तो रडला. पुष्कळ वेळ रडला. आतून कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन आलं, मी हातानेच थांबा म्हटलं.