आठ कपाचा एक कप

सर्दी झालीय हे मी आईला सांगितलंच नव्हतं. फोन उचलून फक्त "बला काही झालं डाही" एवढं म्हटलं आणि पकडला गेलो. झालं, लगेच व्हिडिओ कॉल, कॅमेरा ओट्याकडे फिरव, सुंठ आहे का, तुळस आहे का, गवती चहा नसेल तर खाली भाजीवालीकडून आण, मिरे चारच घाल रे उष्ण पडतात, आणि दूध अजिबात नको, कफ वाढतो. मागून बाबा, चारानी काय होतंय, सहा घाल. मग त्यांचं आपापसात सुरू झालं आणि मी इकडे नाक पुसत पाच टाकले.

आता काढा म्हणजे चहा नव्हे, चहा उकळला की झाला, काढा आटवायचा असतो. आयुर्वेदातल्या शार्ङ्गधर संहितेत औषधाच्या सोळा पट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवा असं दिलंय. आमच्याकडे ती संहिता कुणी उघडलेली नाही, पण "आठ कपाचा एक कप" हे आज्जीपासून सगळ्यांना पाठ. त्यात 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका असा काढा सुचवला, तेव्हापासून तर आईला थेट सरकारी पाठिंबा आहे. पण आठाचा एक होईपर्यंत तापाच्या माणसाने उभं कसं राहायचं ते कुणीच सांगत नाही.

मी पंधरा मिनिटं इमानदारीत उभा होतो. पाणी आधी हिरवट झालं, मग चहासारखं, मग पहिल्या पावसातल्या ओढ्यासारखं. अजून पाच कप तरी शिल्लक. अंगात कणकण होतीच, म्हटलं जरा पाठ टेकू.

चोंदलेल्या नाकाला करपल्याचा वास येत नाही, हे मला माहीत होतं, फक्त वेळेवर आठवलं नाही.

बेल वाजली. समोरच्या काकू, पदर नाकाला. "अरे काय जळतंय?" मी म्हटलं "काही डाही", आणि मागे अख्खा हॉल धुराने भरलेला. काकू मला बाजूला सारून थेट ओट्याशी, गॅस बंद, खिडकी उघडी. पातेल्याच्या तळाला डांबर आणि त्यात दालचिनीची एक काडी ताठ उभी. काकूंनी ती चमच्याने हलवून बघितली, हलली नाही.

"मिरे किती घातले होतेस?"

"पाच."

"तरीच. सात घालायचे."

दहा मिनिटांत त्या स्वतःच्या घरून स्टीलचा पेला घेऊन आल्या, गरम हळदीचं दूध, वर साय आणि तुपाचा थेंब, आणि पुढ्यात उभं राहून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला लावलं. खरं सांगू, घशाला काय बरं वाटलं. तेवढ्यात परत व्हिडिओ कॉल.

"घेतलास काढा?"

"घेतला, बस्त झाला होता."

आई दोन सेकंद स्क्रीनकडे बघत राहिली.

"मग मिशी पिवळी कशी?"