कांदा कुठे जातो हे शिकणं म्हणजे टाइमपास नाही

आंतरराष्ट्रीय संबंध शिकणं म्हणजे टाइमपास, असं लोक धरून चालतात. त्यावरून आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहितेय.

माझ्या मामेबहिणीला दिल्लीतल्या एका खासगी विद्यापीठात एम.ए. इंटरनॅशनल रिलेशन्सला प्रवेश मिळालाय. जेएनयूची सीट थोडक्यात हुकली. शैक्षणिक कर्जासाठी मामा, ती आणि मी बँकेत गेलो. साहेबांनी अर्ज घेतला, कोर्सच्या रकान्यातलं नाव पेनाने खोडलं आणि वर लिहिलं, ‘एम.ए. जनरल’. मग मामांना विचारलं, "याला प्लेसमेंट किती?" मामा गप्प. "पोरगी हुशार आहे, बी.एड. करू द्या. नाहीतर सातबारा आणा, मग बघू."

मागितले होते साडेतीन लाख. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलंय. मी तसं म्हटलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, नियम आम्हाला शिकवू नका."

मी हाच विषय शिकलेय. दिल्लीतच. आणि तो मला खरा कळला तो पुस्तकात नाही, घरी कांदा पिकवणाऱ्या आमच्या नानांच्या फोनवर.

२९ सप्टेंबर २०१९. केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. नानांचा उन्हाळ कांदा साठवणीच्या कांदाचाळीत होता, निम्मा सडून गेलेला, उरलेल्याला कुठे जरा दर मिळायला लागला होता. फोनवर नाना ओरडत नव्हते. एवढंच विचारत होते, "हे कुणी ठरवलं गं?" त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांसमोर बोलता बोलता हिंदीत म्हणाल्या की मी आचाऱ्याला सांगितलंय, कांदा घालू नकोस; आणि पुढच्या वेळी बंदी घालायची तर आधी कळवत जा. सभागृहात हशा पिकला. मला हसू येईना.

सेमिनारमध्ये हे मांडलं, तेव्हा सर म्हणाले की पेपर यावरच लिही. कुणी ठरवलं, कुणाला कळवलं, कुणाला नाही कळवलं, हे शोध. म्हणजे नानांचाच प्रश्न! शोधत गेले. निर्यातीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाखालच्या विदेश व्यापार महासंचालनालयातून निघते. शेजाऱ्याची समजूत काढायची पाळी येते परराष्ट्र मंत्रालयावर. सरकारला दिल्लीच्या गिऱ्हाइकाचा धाक, इकडे २१ ऑक्टोबरला महाराष्ट्रात मतदान. परदेशाशी बोलणारं सरकार त्याच वेळी घरच्यांशीही झुंजत असतं, हे अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ साली मांडलं. वर्गात ते कोरडं वाटलं होतं. आमच्या चाळीपाशी उभं केल्यावर अंगावर आलं.

आणि हे सगळं टाइमपास?

मान्य, नोकऱ्या कमी आहेत. मी स्वतः तासिका तत्त्वावर शिकवते, मला कुणी सांगायला नको. परराष्ट्र सेवेत दरवर्षी मोजकीच पोरं जातात, थिंक टँक, म्हणजे धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्था, बहुतेक दिल्लीत, आणि खासगी विद्यापीठांच्या फिया ऐकून माझ्याही पोटात गोळा येतो. पण हे कारण सांगून दार लावून घेणारे आपण, आपल्या बी.ए., बी.कॉम.च्या पोरांना तरी कुठे नोकऱ्या आहेत?

राग बँकेच्या साहेबांवर होता, पण आता लिहिताना वाटतंय की तो माणूस आपल्यातलाच आहे. त्याला वरून टार्गेट असेल, बुडीत कर्जाची भीती असेल. आपल्या घरांत तरी वेगळं काय चालतं? विजय गोखले परराष्ट्र सचिव झाले तेव्हा मराठी माणूस म्हणून प्रत्येक ग्रुपवर अभिमानाचे मेसेज. ज्ञानेश्वर मुळे कोल्हापूरकडच्या खेड्यातून राजदूत होण्यापर्यंत गेले, हे भाषणात सांगायला सगळे पुढे. आणि घरातली पोरगी म्हणाली की मला हा विषय शिकायचाय, तर पहिला प्रश्न, "यूपीएससीसाठी का?" दोन वर्षांचा अभ्यास आपण यूपीएससीतल्या सामान्य अध्ययनाच्या (जीएस) दुसऱ्या पेपरच्या चार पानी नोट्सवर आणून ठेवलाय!

१९५५ साली, देशात खायची मारामार असताना, दिल्लीत सप्रू हाऊसमध्ये या विषयाचं स्वतंत्र शिक्षण सुरू झालं. तीच संस्था १९७० मध्ये जेएनयूत गेली. जगाचा अभ्यास आपला आपण केला पाहिजे, हे त्या लोकांना कळत होतं.

परत नानांकडे येते. २०१९ च्याच दिवाळीत घरी गेले तर त्यांनी विचारलं, "मग आता ते बांगलादेशवाले कांदा कुठून घेत्यात?" मी सांगितलं, म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान. पुढच्या महिन्यात तर बांगलादेशने विमानाने कांदा मागवला. नाना म्हणाले, "त्यांच्या व्यापाऱ्याने एकदा दुसऱ्याचा माल धरला, की आपला परत धरताना तो दहा वेळा विचार करणार." सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी, सीमेवर ट्रक अडकले. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा. प्रत्येक वेळी मला नानांचं ते वाक्य आठवलं. नाना सातवी शिकलेत. त्यांना जे दिसतं ते मंत्रालयाच्या फायलीत लिहिणारं माणूस निफाड, चांदवडमधून का जाऊ नये?

गंगा पाणीवाटपाचा बांगलादेशशी १२ डिसेंबर १९९६ ला झालेला करार ३० वर्षांचा आहे. २०२६ मध्ये त्याची मुदत संपते. तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचं घोंगडं २०११ पासून भिजत पडलंय. हे प्रश्न वाचणारी, बंगाली शिकणारी, ढाक्याचं वर्तमानपत्र रोज उघडणारी पोरं आपल्याला लागणारच आहेत. मामेबहीण आत्तापासून बंगाली अक्षरं गिरवतेय. तिच्या वहीत पहिल्या पानावर ‘क’ची ओळ आहे, आणि ती आपल्या ‘क’पासून कशी वेगळी वळते ते तिने मला दाखवलं. मला भरून आलं, खरंच.

तुमच्या घरात, ओळखीत असं कुणी असेल आणि घरचे नाही म्हणत असतील, तर मला फोन करा. एम.ए.च्या प्रवेश परीक्षेचा, सीयूईटी पीजीचा, फॉर्म भरायला बसेन. फी, हॉस्टेल, शिष्यवृत्त्या, जे मला माहीत आहे ते सगळं सांगेन. आईवडिलांशी बोलायचं असेल तर येवल्याला, दिंडोरीला, कुठेही येईन. रविवारी मी मोकळी असते.