मॅथ्यूजने 1953 चा एफए कप एकट्याने जिंकला नव्हता

इंग्लिश फुटबॉलमधल्या अविस्मरणीय अंतिम सामन्यांची यादी कोणीही केली, तरी 1953 चा एफए कप (इंग्लिश क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) तिच्यात असतोच आणि त्याच्या जोडीने ‘मॅथ्यूज फायनल’ या नावाने एक तयार कथाही फिरत असते. ती थोडक्यात अशी: 2 मे 1953 रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर बोल्टन वाँडरर्स 3-1 ने पुढे होते, सामना संपायला जेमतेम वीस-बावीस मिनिटे उरली होती आणि तेव्हा ब्लॅकपूलच्या 38 वर्षांच्या स्टॅनली मॅथ्यूजने पदकाची शेवटची संधी साधत एकहाती सामना फिरवला, विजयी गोल केला, धडधाकट बोल्टनला 4-3 ने धूळ चारली आणि आयुष्यातले एकमेव पदक गळ्यात पडल्यावर कृतार्थ मनाने खेळ सोडला. यातली तारीख, गुणफलक आणि मॅथ्यूजचे वय बरोबर आहे. बाकीचे तपासून पाहिले पाहिजे.

विजयी गोलाचे विधान सर्वांत सहज खोडता येते, म्हणून ते आधी उरकून घेऊ. त्या सामन्यात मॅथ्यूजने एकही गोल केला नाही. ब्लॅकपूलचे पहिले तीन गोल मध्य आघाडीवीर स्टॅन मॉर्टेन्सनच्या नावावर आहेत आणि भरपाई वेळेतला चौथा, सामना जिंकून देणारा गोल मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या बिल पेरीचा आहे.

‘एकहाती’ या शब्दाला मात्र इतक्या लवकर सोडता येत नाही, कारण त्याखाली मॉर्टेन्सन गाडला गेला आहे. एफए कप 1871-72 मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून आजवर या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फक्त तिघांना हॅटट्रिक (एका सामन्यात तीन गोल) साधली: 1890 मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या बिली टाउनलीला, 1894 मध्ये नॉट्स काउंटीच्या जिमी लोगनला आणि 1953 मध्ये मॉर्टेन्सनला. (लोगनची हॅटट्रिकही बोल्टनविरुद्धच होती, त्यामुळे त्या क्लबच्या नशिबाला काय म्हणावे हा प्रश्नच आहे.) वेम्बलीवर झालेल्या एफए कपच्या अंतिम सामन्यांपुरते बोलायचे तर असा पराक्रम करणारा मॉर्टेन्सन एकमेव. आता आक्षेप घेणारे म्हणतात की, त्याचा पहिला गोल बोल्टनच्या हॅरल्ड हॅसलला लागून आत गेला आणि काही नोंदींमध्ये तो स्वयंगोल धरला आहे. हे खरे आहे. पण हा आक्षेप पूर्ण मान्य केला तरी उरलेले दोन गोल पुसता येत नाहीत. शिवाय त्या दोनांपैकी दुसरा, म्हणजे 89 व्या मिनिटाचा बरोबरीचा गोल, हा पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून मिळालेल्या फ्री किकवर झाला. बोल्टनच्या खेळाडूंची भिंत समोर उभी असताना मॉर्टेन्सनने थेट फटका मारला आणि चेंडू गोलजाळ्याच्या वरच्या भागात जाऊन बसला. त्या गोलात मॅथ्यूजचा क्रॉस नाही, ड्रिबलिंग नाही, काहीच नाही. तो गोल झाला नसता, तर मॅथ्यूजच्या शेवटच्या अर्ध्या तासाची गणना सुंदर पराभवांमध्ये झाली असती.

धडधाकट बोल्टनचा दावा या कथेतला सर्वांत अन्यायकारक भाग आहे, कारण सामन्याची किल्लीच तिथे आहे. त्या काळच्या मांडणीत मॅथ्यूज उजव्या बगलेवर खेळत असे, म्हणजे त्याला अडवण्याची जबाबदारी बोल्टनच्या डाव्या बाजूची होती: मागे लेफ्ट बॅक रॅल्फ बँक्स आणि त्याच्या पुढे लेफ्ट हाफ एरिक बेल. बेलच्या मांडीमागचा स्नायू पहिल्याच अर्धात दुखावला. आज तो पाच मिनिटांत बाहेर बसला असता आणि ताजा गडी आत आला असता, पण इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूची सोय झाली ती 1965 मध्ये. तेव्हा जखमी माणसाला कुठेतरी बगलेवर उभे करायचे आणि उरलेल्यांनी खेळ ओढायचा, एवढाच मार्ग असे. म्हणून बेल लंगडत डाव्या बगलेवर गेला, तिथला बॉबी लँग्टन आत सरकला आणि आघाडीच्या फळीतल्या हॅसलला मागे येऊन लेफ्ट हाफची जागा सांभाळावी लागली. याचा अर्थ असा की, इंग्लंडच्या सर्वांत धोकादायक विंगरसमोर बँक्सच्या मदतीला एक आघाडीवीर उभा होता आणि त्याच बगलेवर पुढे एका पायावर चालणारा माणूस होता. पुढे बँक्सच्याही पायात गोळे येऊ लागले. बोल्टनची नेमकी तीच बाजू मोडली, जिकडून मॅथ्यूज येणार होता.

आणि तरीही बोल्टनचा तिसरा गोल केला तो याच बेलने, 55 व्या मिनिटाला, हेडरने. नीट धावता न येणाऱ्या माणसाने एफए कपच्या अंतिम सामन्यात उडी मारून गोल करावा, ही गोष्ट एकट्यानेच एक दंतकथा व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण त्याचा संघ हरला.

ज्यांना बेलची दुखापत ही बोल्टनवाल्यांची सबब वाटते, त्यांनी त्या काळातले आजूबाजूचे अंतिम सामने पाहावेत. 1952 मध्ये आर्सेनलचा वॉली बार्न्स, 1955 मध्ये मँचेस्टर सिटीचा जिमी मेडोज, 1957 मध्ये मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक रे वुड, 1960 मध्ये ब्लॅकबर्नचा डेव्ह व्हेलन, 1961 मध्ये लेस्टरचा लेन चामर्स, हे सगळे अंतिम सामन्यात जायबंदी झाले आणि त्या प्रत्येक वेळी त्यांचा संघ हरला. 1959 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने रॉय ड्वाइटचा पाय मोडूनही कप जिंकला, पण तो अपवाद. इंग्लंडात याला वेम्बलीचा शाप म्हणत. शाप कसला, नियमच तसा होता. योगायोग पाहा, याच मॉर्टेन्सनने महायुद्धाच्या काळात, 1943 मध्ये, वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध वेल्सकडून बदली खेळाडू म्हणून खेळून दाखवले होते, कारण वेल्सचा एक खेळाडू जखमी झाला होता आणि इंग्लंडचा राखीव गडी मॉर्टेन्सन मोकळा बसला होता. युद्धातल्या सामन्यात चालणारी माणुसकी शांततेच्या काळात कपच्या अंतिम सामन्यात चालत नव्हती.

इतके सांगितल्यावर मॅथ्यूजचे श्रेय नाकारण्याचा मोह होतो, पण तेही चुकीचे ठरेल. 68 व्या मिनिटाचा गोल त्याच्या क्रॉसवर झाला. तो चेंडू बोल्टनचा गोलरक्षक स्टॅन हॅन्सन याच्या हातांतून निसटला आणि मॉर्टेन्सनने गोलखांबाशी अंग झोकून तो आत ढकलला. भरपाई वेळेतल्या चौथ्या गोलाची आखणी तर संपूर्ण त्याची: बँक्सला चकवून तो गोलरेषेजवळ पोहोचला, मध्यफळीतून बोल्टनचा बॅरास धावत आला, आणि पाय घसरत असतानाच मॅथ्यूजने चेंडू मागे, पेरीच्या वाटेवर ढकलला. अनुभवी खेळाडूला समोरच्या भिंतीतली भेग दिसते आणि तो तिथेच घाव घालत राहतो. मॅथ्यूजने तेच केले आणि अप्रतिम केले. परंतु त्याला तो चेंडू वारंवार कोणी दिला, हेही सांगायला हवे. तो एर्नी टेलर. हाच बुटका इनसाइड फॉरवर्ड (बगल आणि मध्य यांच्या मधल्या जागेचा आघाडीवीर) 1951 च्या अंतिम सामन्यात न्यूकॅसलकडून ब्लॅकपूलविरुद्ध खेळला होता आणि त्याने टाचेने मागे दिलेल्या चेंडूवर जॅकी मिलबर्नने ब्लॅकपूलला बुडवले होते. नंतर ब्लॅकपूलने त्याला आपल्याकडे आणले. ब्लॅकपूलचे व्यवस्थापक होते जो स्मिथ, जे स्वतः 1923 आणि 1926 मध्ये बोल्टनचे कर्णधार म्हणून कप उचलून गेले होते. हे सगळे ‘एकहाती’ या शब्दात कुठे बसवायचे?

शेवटच्या संधीची गोष्ट अर्धी खरी आहे. मॅथ्यूज 1948 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध आणि 1951 मध्ये न्यूकॅसलविरुद्ध अंतिम सामना हरला होता, आणि देशातल्या तटस्थ प्रेक्षकांनाही त्याच्या गळ्यात पदक पाहायचे होते, हे मान्य. पण ते दोन्ही पराभव कर्णधार हॅरी जॉन्स्टन, एडी शिमवेल आणि मॉर्टेन्सन यांनीही सोसले होते. त्यांच्यासाठी देश हळहळला नाही, एवढाच फरक. राज्याभिषेक महिन्यावर आला असताना राणी एलिझाबेथ सामन्याला हजर होत्या, राज्याभिषेकासाठी अनेक घरांनी दूरदर्शन संच घेतले होते, आणि अशा वेळी देशाला गोष्टीसाठी एकच चेहरा हवा असतो.

निवृत्तीचा तपशील मात्र निखालस खोटा. मॅथ्यूज 1957 पर्यंत इंग्लंडकडून खेळला, 1956 मध्ये सुरू झालेल्या बॅलन डी’ऑर या युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्काराचा पहिला मानकरी ठरला, 1961 मध्ये आपल्या जुन्या स्टोक सिटीत परतला आणि 1963 मध्ये त्यांच्यासोबत द्वितीय श्रेणीचे विजेतेपद मिळवून वरच्या श्रेणीत आला. त्याचा शेवटचा लीग सामना फेब्रुवारी 1965 मधला, वयाची पन्नाशी पूर्ण झाल्यानंतरचा. असा माणूस 1953 मध्येच घरी बसवणे हा त्याच्यावरचाच अन्याय आहे.

कथेची एक पुढची आवृत्ती अशीही सांगते की, त्या दिवशी इंग्लिश फुटबॉल जगात सर्वश्रेष्ठ असल्याचे सिद्ध झाले. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला, त्याच वेम्बलीवर, हंगेरीने इंग्लंडला 6-3 ने हरवले. इंग्लंडच्या त्या संघात ब्लॅकपूलचे चौघे होते: मॅथ्यूज, मॉर्टेन्सन, टेलर आणि जॉन्स्टन. मॉर्टेन्सनने त्यातही एक गोल केला. मध्यरक्षक जॉन्स्टनला मात्र मागे सरकून खेळणाऱ्या हंगेरीच्या आघाडीवीर हिदेगकुतीचा कुठवर पाठलाग करावा हेच उमगले नाही, आणि हिदेगकुतीने हॅटट्रिक साधली. त्या सामन्यानंतर मॉर्टेन्सन, टेलर आणि जॉन्स्टन पुन्हा कधी इंग्लंडकडून खेळले नाहीत.

राहिला नावाचा प्रश्न. ‘मॅथ्यूज फायनल’ हे नाव वृत्तपत्रांनी रूढ केले आणि मॅथ्यूजला ते स्वतःला कधी पटले नाही. श्रेय मॉर्टेन्सनचे आहे, असे तो उघडपणे सांगत राहिला. 1991 मध्ये मॉर्टेन्सन वारला, तेव्हा इंग्लंडात एक कडवट विनोद झाला की, आता याच्या अंत्ययात्रेलाही बहुधा मॅथ्यूजचेच नाव देतील.