भरलेली बंदूक आणि माळा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

शिराळा तालुक्यातील पिकांच्या राखणीवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. माळ्यावर (राखणीसाठी शेतात उभारलेल्या मचाणावर) स्थिर बसल्यावरच बंदूक भरावी हा माझा आग्रह पुस्तकी आहे, हा पहिला. ठासणीची बंदूक (जिच्यात दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजाने, म्हणजे सळईने, ठासतात) एकदा भरली की बार उडवल्याखेरीज सहसा रिकामी होत नाही हे मला ठाऊक नसावे, हा दुसरा. “डुक्कर काय तुमचा बार भरून होईपर्यंत बांधावर थांबणार आहे?” हा आपला प्रश्न खोचक असला तरी रास्त आहे.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. लेख लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर बारा बोअरची बंदूक होती, जिची नळी बिजागरीवर खाली मोडून काडतूस काढायला क्षणही लागत नाही. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख असताना तिच्याविषयी मी काहीच लिहिले नाही, ही माझी चूक. मात्र ती बंदूक दारू आणि छर्ऱ्यांनी उडत नाही, टोपीने उडते; ही छोटी स्फोटक टोपी नळीच्या मागच्या निपलवर (बोंडावर) चढवतात आणि चाप ओढला की घोडा तिच्यावर आपटतो. घरून ठासून नेणे भागच असेल तर टोपी खिशात राहावी आणि माळ्यावर बसल्यावरच चढवावी. एकदा चढवून काढलेल्या टोपीतील स्फोटक द्रव्याचा कण निपलवर चिकटून राहू शकतो आणि बंदुकीच्या घोड्यावर बसलेला एखादा ठोकाही मग बार उडायला पुरेसा होतो, म्हणून निपल पुसून त्यावर चामड्याचा तुकडा ठेवावा. गज नळीत कुठवर जातो ते कळावे म्हणून त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या नळीच्या दोन खुणा असाव्यात. कालचा बार नळीत तसाच आहे हे विसरून त्यावर आजचा ठासला, तर नळी फुटते आणि ती धरणाऱ्याच्या हातातच फुटते.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. डुक्कर येण्याच्या कितीतरी आधी आपण माळ्यावर असतो, तेव्हा घाई कसली? दिवस मावळायच्या आत चढावे, टोपी नसलेली किंवा काडतूस काढलेली बंदूक दोरीने, नळी खाली ठेवून, वर ओढून घ्यावी आणि मग सावकाश भरावी. धोका असतो तो घर ते माळा या वाटेवर, ओल्या बांधावरून पाय घसरतो तेव्हा.

आपल्या प्रतिक्रियेत ज्याचा उल्लेखही नाही, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे शेतीची वीज अनेकदा रात्री येते, त्यामुळे बारा वाजताही कोणीतरी मोटार चालू करायला किंवा पाण्याची पाळी धरायला उसात शिरलेले असते. हंगामात ऊसतोड मजुरांची खोपटी फडाच्या कडेलाच असतात. काही वर्षांपूर्वी मी स्वतः उसातील खसखशीवर बंदूक रोखली होती. बॅटरी टाकली तेव्हा समोर शेजारचे आप्पा खोरे घेऊन दारे धरीत (पाटाचे पाणी वळवीत) उभे होते. त्या रात्री बार उडाला नाही, याचे श्रेय माझ्याकडे मुळीच जात नाही. तेव्हापासून आवाजावर, हालचालीवर किंवा चमकलेल्या डोळ्यांवर बार टाकायचा नाही, जनावर डोक्यापासून शेपटीपर्यंत दिसल्याशिवाय बोट चापावर न्यायचे नाही, असे मी ठरवले. बारा बोअरच्या एसजी (मोठ्या छर्ऱ्यांच्या) काडतुसाचा भरवशाचा पल्ला ३५ ते ४० मीटरच असला, तरी त्याचा चुकलेला छर्रा ५०० मीटरांच्याही पलीकडे जाऊ शकतो, आणि तेवढ्या अंतरात आपल्या शिवारात एखादी वस्ती हमखास येते. माळ्यावरून खाली मारलेला बार मातीत जिरतो, हा उंचीचा खरा फायदा. सपाटीवरून मारताना मागे उंच बांध किंवा टेकाड असलेच पाहिजे.

परवानगीची कटकट कशाला, असेही आपण विचारले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे पीक खाणारे रानडुक्करही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांच्या नोंदणीचीही याच कायद्यात तरतूद आहे, आणि कोयना व चांदोलीलगतच्या आपल्या गावांना ती लागू होते.

मूळ लेखात ठासणीच्या बंदुकीवरचा परिच्छेद मी आजच जोडत आहे. आपल्या घरच्या गजावर खुणा आहेत का आणि त्या कशाने केल्या आहेत, तेवढे कळवावे.