खुलासा : धूर बंद होईपर्यंत नीडल आवळू नका

ग्लो इंजिनाच्या (तापलेल्या ग्लो प्लगच्या तारेने इंधन पेटवणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) मॉडेल हेलिकॉप्टरबद्दल एक सल्ला सध्या फिरतोय : ‘धूर दिसतोय म्हणजे इंधन वाया जातंय, धूर थांबेपर्यंत मेन नीडल आवळा, ताकद वाढेल.’ नीडल म्हणजे कार्ब्युरेटरमधला, इंजिनात किती इंधन जावं हे ठरवणारा स्क्रू. हा सल्ला चुकीचा आहे आणि महागात पडणारा आहे.

या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं. इंधनातच, म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणात, साधारण 15 ते 20 टक्के ऑइल मिसळलेलं असतं, आणि सायलेन्सरमधून निघणारा पांढरट धूर प्रामुख्याने त्याच ऑइलचा. नीडल आवळली की इंधन कमी, म्हणजे ऑइलही कमी. सुरुवातीला आरपीएम (मिनिटाला फेरे) चढतो, म्हणूनच लोक फसतात. मग इंजिन तापतं, ताकद सोडतं, आणि पिस्टनवर आणि लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) ओरखडे पडतात. हेलिकॉप्टरला समोरून वारा मिळत नाही, थंडावा फक्त कूलिंग फॅनचा. त्यामुळे विमानाचं सेटिंग इथे तसंच्या तसं चालत नाही.

हॉवरमध्ये, म्हणजे हेलिकॉप्टर हवेत एका जागी स्थिर असताना, इंजिन अचानक बंद पडत असेल तर आधी नळी बघा. टाकीतून येणाऱ्या इंधनात बुडबुडे दिसतात का? दिसले, तर नळीला बारीक छिद्र असेल, क्लंक (टाकीतल्या नळीच्या टोकाचं वजन) अडकला असेल किंवा कंपनांमुळे टाकीत फेस होत असेल. अशा वेळी नीडल कितीही फिरवा, काही उपयोग नाही. बाटली उघडी राहिलेली असेल तर ते इंधनही बाजूला ठेवा, मिथेनॉल हवेतली ओल शोषतं.

ग्लो प्लग बदलायचा असेल तर खुशाल बदला, पण हे सगळं तपासल्यानंतर.